भीती कशावर टिकते

पावसाळा लागला की सांगलीत एक आकडा घरोघरी बोलला जातो: आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २००५ साली शहराने महापूर पाहिला, ऑगस्ट २०१९ मध्ये पातळी ५७ फुटांच्या वर गेली, आणि भिंतींतली ओल पुरती सुकायच्या आत जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट या भागांतली माणसं सामान वर चढवू लागतात, यात नवल नाही. वरच्या अंगाला, सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, वेगळी कथा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं दगावली, आणि त्यानंतर अर्धशतक उलटून गेलं तरी लहानमोठे धक्के थांबलेले नाहीत. जुलै २०२१ च्या त्याच पावसात आंबेघर आणि मिरगावावर दरडी कोसळल्या. जिथे जमीन आणि पाणी दोन्ही अधूनमधून भरवसा सोडतात, अशा दोन जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी चिंताविकारांवर पुस्तक लिहायचं तर पहिलाच प्रश्न अडतो. भीती रास्त असेल, तर आजार म्हणायचं कशाला?

भीती प्रमाणाबाहेर गेली की आजार, असं यावर नेहमीचं उत्तर दिलं जातं. ते चुकीचं नाही, पण उपयोगाचंही नाही. प्रमाण ठरवायचं कुणी? ज्याच्या स्वयंपाकघरात छातीएवढं पाणी उभं होतं, त्याला तुझी भीती जरा जास्तच आहे असं कुठल्या तोंडाने सांगायचं? निदानाच्या अधिकृत नियमावल्या काळ, त्रास आणि अडलेलं काम या तीन गोष्टी पाहतात. उदाहरणार्थ, सर्वसाधारण चिंताविकार म्हणायला सहा महिने तरी काळजीने पाठ सोडलेली नसावी लागते. डॉक्टरला हे पुरतं, पण माणसाला स्वतःकडे पाहायला पुरत नाही. या पुस्तकाने म्हणून दुसरी खूण धरली आहे. चिंताविकार भीतीच्या आकारावरून ओळखू नये, भीतीतून सुटण्यासाठी माणूस जे जे करतो त्यावरून ओळखावा. टाळणं, पुन्हा पुन्हा खात्री करून घेणं, सोबतीशिवाय घराबाहेर न पडणं, खिशात गोळी बाळगणं, यांतल्या प्रत्येकाने घटकाभर हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच भीतीला पुढच्या वेळेपर्यंत जगवतं. मन धडा घेतं तो ‘मी हे केलं म्हणून वाचलो’ असा. मुळात काही होणारच नव्हतं, हे कळायची संधी दर वेळी हुकते.

हे कसं घडतं ते पॅनिकच्या झटक्यात सर्वांत स्वच्छ दिसतं. पस्तिशीतला धडधाकट माणूस एसटीत बसलेला असतो. छातीत धडधड सुरू होते, हाताला मुंग्या येतात, गळा आवळल्यासारखा होतो, आता मी मरणार अशी खात्री पटते. सिव्हिलला नेतात, ईसीजी काढतात, तो नॉर्मल येतो. ‘गॅस असेल’ म्हणून घरी पाठवतात आणि पंधरा दिवसांनी तोच माणूस पुन्हा त्याच दारात उभा असतो. झालेलं असतं ते असं. धोक्याची सूचना मिळालेलं शरीर ॲड्रेनलिन सोडतं आणि हृदय वेग घेतं. श्वास भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यातून मुंग्या आणि चक्कर येते. काही मिनिटांत हे शिगेला पोचतं आणि मग आपोआप उतरतं. १९८६ साली ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी मांडलं की या साध्या शारीरिक हालचालींचा ‘हार्ट अटॅक’ असा अर्थ लावला जातो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि फेरा पुरा होतो. अजिंक्यताऱ्यावर रोज सकाळी चढणाऱ्यांची किंवा यवतेश्वरचा घाट पळत जाणाऱ्यांची हृदयंही अशीच धडधडत असतात, पण त्यांना त्या धडधडीचं कारण ठाऊक असतं. एसटीतला माणूस पुढच्या थांब्यावर उतरतो आणि त्याला बरं वाटतं. उतरला नसता तरी दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटलंच असतं, पण त्याच्या हिशेबात श्रेय उतरण्याला जातं. पुढच्या महिन्यापासून तो दाराजवळची सीट धरतो, मग भाऊ बरोबर असेल तरच निघतो, मग निघायचंच सोडतो. (थायरॉईड, रक्तक्षय आणि हृदयाच्या ठोक्यांचे विकार एकदा तपासून घ्यायलाच हवेत. आठव्यांदा काढलेला ईसीजी मात्र तपासणी राहत नाही, तोही सुटकेचाच एक मार्ग होऊन बसतो.)

पॅनिकच्या जोडीला सामाजिक भीती, विशिष्ट वस्तूंची किंवा जागांची भीती, गर्दीची भीती आणि सतत पोखरणारी सर्वसाधारण चिंता, असा हा परिवार आहे. मंत्रचळ (ओसीडी) आणि आघातोत्तर ताण यांना अमेरिकी नियमावलीने २०१३ पासून वेगळं घर दिलं असलं, तरी उपचाराचं सूत्र जवळचंच असल्याने त्यांची प्रकरणं आम्ही ठेवली आहेत. आपल्याकडे हे आजार ‘मला चिंता वाटते’ असं सांगत येत नाहीत. ते पोटातला गोळा, जीव घाबरा होणं, मान आखडणं, झोप न लागणं अशा वाटांनी येतात. शेजारच्या गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा त्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक आणि कौटुंबिक ताणाशी अधिक घट्ट निघाला. म्हणजे कित्येकींना वर्षानुवर्षं प्रतिजैविकांचे कोर्स मिळतात आणि विचारायला हवा तो प्रश्न कुणी विचारतच नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सर्वसामान्य मानसिक विकार असलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोक उपचारांच्या बाहेर आहेत. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हता. आपली स्थिती त्याहून फार चांगली असेल असं मानायला मला तरी आधार दिसत नाही.

टाळण्याने भीती टिकत असेल, तर जवळ जाण्याने ती ओसरायला हवी. हा तर्क १९२४ इतका जुना आहे. मेरी कव्हर जोन्स या तरुण मानसशास्त्रज्ञ स्त्रीने पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. मुलगा आवडीचं खात असताना ससा आधी खोलीच्या टोकाला, मग रोज थोडा जवळ आणला गेला, आणि शेवटी पीटर त्याला कुरवाळू लागला. १९५८ साली जोहान्सबर्गच्या जोसेफ वोल्पे यांनी यालाच शिस्तबद्ध रूप दिलं. आजच्या संमुखता उपचारात ‘सवय होईल’ एवढ्यावर भागत नाही. रुग्णाने आधी भाकीत करायचं, मग ते आधारांशिवाय ताडून पाहायचं. पॅनिकच्या रुग्णाला उपचारकाच्या खोलीत मुद्दाम मिनिटभर भराभर श्वास घ्यायला लावतात, जिना चढउतार करायला लावतात, म्हणजे तीच धडधड, त्याच मुंग्या त्याच्या हुकमाने येतात आणि जातात. पुराच्या आघाताने नदीकडे पाहूही न शकणाऱ्या बाईसाठी शिडी अशी मांडता येईल: आधी पावसाच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण ऐकणं, मग पुराचे फोटो पाहणं, मग उन्हाळ्यात हरिपूरच्या संगमावर जाऊन बसणं, मग कोरड्या दिवसात आयर्विन पूल नवऱ्याबरोबर, पुढे एकटीने ओलांडणं, आणि जूनमध्ये पाणी गढूळ झाल्यावर पुलावर थांबून खाली पाहणं. प्रत्येक पायरीवर थांबायचं ते तिचं भाकीत खोटं ठरेपर्यंत. हे कोणी तिला ढकलून करत नाही, पायऱ्या ती स्वतः ठरवते. आणि पाणी चढत असताना तिला पुलावर नेणं हा उपचार नव्हे, मूर्खपणा आहे.

इथे वाचक अडवेल, आणि त्याने अडवावंच. कृष्णा खरोखर घरात शिरते, मग पातळी बघत राहणं हा आजार कसा? तयारी आणि सुटकेची धडपड वरून सारखी दिसतात, पण तयारीला शेवट असतो. रेशनकार्ड, सातबारा, मुलांचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत बांधले, जनावरं उंचावर नेण्याचं ठरलं, पंधरा दिवसांची औषधं वेगळी ठेवली, मिरजेच्या किंवा विश्रामबागच्या नातलगाला फोन झाला, की तयारी संपली. दर दहा मिनिटांनी मोबाइलवर पातळी पाहणं, रात्री तीनदा उठून अंगणात बॅटरी मारणं, ऊन पडलेल्या मार्चमध्ये अलमट्टी धरणाच्या बातम्या धुंडाळणं, हे कधीच संपत नाही आणि त्याने पाणी इंचभरही उतरत नाही. उपचार पहिल्या गोष्टीला हात लावत नाही, उलट ती लिहून काढायला सांगतो. दुसरी गोष्ट मात्र ठरावीक वेळी दिवसातून दोनदा, अशी आवळतो. कोणी म्हणेल, धरणांच्या विसर्गाचं नियोजन, पूररेषेतली बांधकामं, पुनर्वसनाची रखडलेली कामं यांचं अपयश माणसाच्या डोक्यात ढकलण्याचा हा डाव आहे. आक्षेप गंभीर आहे, आणि उपचारांच्या नावाखाली असं घडतंही. पण रात्रभर जागून पोखरलेला माणूस ग्रामसभेत उभा राहून जाब विचारू शकत नाही, तो सभेलाही जायचं टाळतो. ज्याचं मन थाऱ्यावर आलं तो भांडायला जास्त मोकळा असतो. शिवाय पूरग्रस्तांपैकी बहुतेक जण कुठल्याही उपचाराशिवाय सावरतात. आपत्तीनंतर लगेच छावणीत बसवून सगळं सांगायला लावणाऱ्या बैठकांचा फायदा होत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटना त्यांची शिफारस करत नाही. त्या दिवसांत निवारा, अन्न, माणसांची गाठभेट आणि खरी माहिती हाच प्रथमोपचार.

गोळ्यांचं काय, हा दुसरा आक्षेप. गोळीने बरं वाटतं, मग एवढा खटाटोप कशाला? दोन प्रकारच्या गोळ्यांत गल्लत होते, ती आधी सोडवू. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं रोज घ्यायची असतात, त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्यांचं व्यसन लागत नाही, मात्र ती एकदम तोडायची नसतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटाच्या गोळ्या अर्ध्या तासात शांत करतात, आणि नेमकी तीच अडचण आहे. त्या सुटकेचं सर्वांत वेगवान साधन आहेत, सवय लावतात आणि ‘गोळी होती म्हणून निभावलं’ हा धडा पक्का करतात. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शनानुसार पॅनिकच्या विकारात त्या देऊच नयेत, कारण लांबच्या पल्ल्यात त्यांनी नुकसान होतं. २००० साली अमेरिकेत डेव्हिड बार्लो यांच्या गटाने पॅनिकच्या ३१२ रुग्णांवर केलेली चाचणी या बाबतीत वाचण्यासारखी आहे. उपचार चालू असताना औषध आणि बोधात्मक वर्तनोपचार (भीतीचे विचार तपासणं आणि संमुखता यांची सांगड) दोन्ही गुणकारी ठरले. सगळं थांबवल्यावर मात्र इमिप्रामाइन या औषधाची जोड ज्यांना मिळाली होती, त्यांच्यापेक्षा ज्यांनी औषधाविना वर्तनोपचार घेतला त्यांचा गुण जास्त टिकला. यावरून कोणी औषधाला नावं ठेवू नयेत. ज्याला पलंगावरून उठवत नाही, त्याला शिडीची पहिली पायरी चढण्यापुरतं बळ औषधच देतं. आणि वर्तनोपचारही सगळ्यांना लागू पडत नाही, काही जण मध्येच सोडतात, काहींना अर्धामुर्धाच गुण येतो.

तिसरा मार्ग आपल्याकडे सर्वांत जुना आहे. बाहेरची बाधा म्हणून देवऋषी, अंगारा, दोरा, उतारा. वाई तालुक्यातल्या मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत कित्येक घरं अशी माणसं घेऊन येत. तिथल्या झाडांना ठोकलेल्या काळ्या बाहुल्या आणि लिंबं हा त्या भीतीचाच उघडा पसारा होता. २५ जानेवारी २००५ च्या चेंगराचेंगरीत तिथे शेकडो भाविक मेले, तेव्हा साऱ्या देशाचं लक्ष तिकडे गेलं. दोऱ्याने बरं वाटतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. कोणीतरी ऐकून घेतलं, दुखण्याला नाव दिलं, चार माणसं सोबत आली, यातलं काही खोटं नाही. पण गोळीला लावलेली कसोटी दोऱ्यालाही लावावी लागते. दोरा तुटला की भीती परत येत असेल, तर दोऱ्याने भीती घालवली नव्हती, सांभाळली होती. मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामासोबत ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्रही उभं केलं. हा योगायोग मला वाटत नाही. लोकांच्या हातून एक आधार काढून घ्यायचा तर दुसरं काही द्यावं लागतं, हे त्यांना उमगलं होतं. नुसतं ‘भूत नसतं’ म्हणून उठून गेलेल्या माणसाने घाबरलेल्याला एकटं टाकलेलं असतं.

हे उपचार पाश्चात्त्यांचे, आपल्या मातीत रुजायचे नाहीत, असंही ऐकू येतं. उत्तर मराठीतच घडून गेलं आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मांडलेला विवेकनिष्ठ मानसोपचार मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून आत्मसात केला आणि मराठीत आणला. ठाण्यात १९९० साली सुरू झालेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी तो घरोघरी पोचवला. मराठी वाचकाला तो पटकन भावला, कारण वाद घालणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे आणि इथे स्वतःच्याच विचाराशी वाद घालायचा असतो. पण याच गुणात एक खोट लपलेली आहे. विचारांची चिरफाड करून माणूस उठतो आणि घरीच बसून राहतो. एलिस स्वतः असे नव्हते. मुलींशी बोलायला घाबरणाऱ्या या तरुणाने एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन, बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलायचंच असा नेम केला. शंभर जणींशी तो बोलला. एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली. तर्काने शिडी कुठे टेकवायची ते कळतं, पण चढावं पायांनीच लागतं. पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणानंतर कृतीचं पान जोडण्याचा आम्ही हट्ट धरला तो यासाठी.

कुटुंबाबद्दलचं प्रकरण काहींना बोचेल. आपल्या घरांत घाबरणाऱ्याला सांभाळून घेतात: सुनेला बाजारात एकटं पाठवत नाहीत, दहावीतल्या मुलाच्या पोटात दुखलं की शाळेला चिठ्ठी जाते, वडील दिवसातून वीसदा ‘काही होणार नाही’ म्हणून आईची समजूत काढतात. हे सगळं मायेपोटी होतं आणि सगळं भीतीला खतपाणी घालतं. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी मुलाला न भेटता फक्त आईवडिलांना शिकवण्याची पद्धत बसवली. मुलाची भीती खरी आहे हे मान्य करायचं, तू निभावशील हा विश्वास दाखवायचा आणि आपण त्याच्यासाठी करत असलेल्या तडजोडी एकेक करून काढून घ्यायच्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धत मुलांवरच्या थेट उपचारांपेक्षा कमी पडली नाही. ज्या तालुक्यात बालमानसोपचारतज्ज्ञच नाही, तिथल्या पालकांनी हे प्रकरण सर्वांत आधी वाचावं.

राहिला शेवटचा आणि सर्वांत खरा आक्षेप: हे करून घेणार कोण? साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगली-मिरजेची शासकीय रुग्णालयं, कराडचं कृष्णा रुग्णालय सोडलं, तर जत, आटपाडी, माण, खटावच्या माणसाने जायचं कुठे? विक्रम पटेल यांच्या गटाने गोव्यातल्या चोवीस दवाखान्यांत यावर एक प्रयोग केला. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्रशिक्षण दिलं, नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना आधी आजार समजावून सांगून गरजेनुसार पुढचे उपचार दिले. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांत सरकारी केंद्रांतले रुग्ण नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त प्रमाणात सावरले. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही, आणि हे आम्ही झाकून ठेवत नाही. आशा कार्यकर्ती, शाळेतले शिक्षक, निवृत्त परिचारिका यांच्या हाती शिडी मांडण्याचं काम बरंचसं देता येईल, निदान आणि औषध तज्ज्ञाकडे ठेवून. शासनाने हे करावं यासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचा आधार आहे, मागणी आपल्याला लावून धरावी लागेल.

वाचायला बसण्यापूर्वी दोन सूचना. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असतील, तर हे वाचून स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्या एकदम तोडल्याने फिट येऊ शकते, मात्रा डॉक्टरच उतरवतील. आणि जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी १४४१६ वर फोन करा. ती शासनाची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.